अल्झायमरमधील अतिसक्रिय मेंदूपेशी आणि लक्षात न येणाऱ्या फिट्स : घरच्यांनी काय पाहावे, काय नोंदवावे, डॉक्टरांना काय विचारावे

अल्झायमर म्हटले की मेंदूतील पेशी हळूहळू मरत जातात आणि त्यांच्याबरोबर आठवणीही पुसल्या जातात, एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. हे चित्र खरे असले तरी अपुरे आहे. आजाराच्या सुरुवातीच्या काळात, कित्येकदा विस्मरण घरच्यांच्या नीट लक्षात येण्याच्याही आधी, मेंदूतील काही चेतापेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त संदेश सोडू लागतात. ही अतिसक्रियता एका मर्यादेपलीकडे गेली की तिची परिणती फिटमध्ये होते. मात्र हातपाय ताठ होणे, तोंडाला फेस येणे असे जे रूप आपल्याला ठाऊक असते, ते इथे क्वचित दिसते. बहुतेक वेळा माणूस अर्धा-एक मिनिट शून्यात पाहत राहतो, बोलता बोलता थांबतो, ओठ चाटतो, आणि मग काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा वावरू लागतो. घरात त्याला ‘वय झालं, आता असं व्हायचंच’ असे म्हटले जाते आणि विषय तिथेच संपतो.

हे मार्गदर्शन अल्झायमरचे निदान झालेल्या, किंवा तशी शंका असलेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना, म्हणजे दर शंभरांतील सात जणांहून अधिकांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यांतील बहुतेकांची सारी काळजी घरीच घेतली जाते. त्यामुळे हे छोटे झटके पाहणारी माणसेही घरातलीच असतात, कारण दवाखान्यातल्या दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांसमोर असा झटका येण्याची शक्यता फारच कमी. अल्झायमरच्या मूळ प्रक्रियेला थोपवणारे उपाय आजही तोकडे आहेत, पण या फिट्सवर औषध आहे आणि ते बहुतेकांना लागू पडते. म्हणून एवढा भाग तरी कोणाच्या नजरेतून निसटू नये, असे मला मनापासून वाटते.

पेशी अतिसक्रिय का होतात

निरोगी मेंदूत उत्तेजन देणाऱ्या पेशी आणि त्यांना आवर घालणाऱ्या पेशी यांच्यात सतत तोल राखला जातो. बीटा-ॲमिलॉइड नावाचे प्रथिन मेंदूत साचू लागले की हा तोल ढळतो. सॅन फ्रान्सिस्को येथील ग्लॅडस्टोन संस्थेत लेनार्ट मुके यांच्या गटाने २००७ साली दाखवून दिले की अल्झायमरसदृश बदल घडवलेल्या उंदरांच्या मेंदूत फिटसारखे विद्युत झटके येत होते, पण ते उंदीर बाहेरून शांत दिसत होते. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी जिवंत उंदरांच्या मेंदूतील एकेका पेशीची हालचाल सूक्ष्मदर्शकातून पाहिली. जवळजवळ निम्म्या पेशींचे काम बिघडलेले होते : २९ टक्के पेशी मंदावल्या होत्या, तर २१ टक्के अतिसक्रिय झाल्या होत्या, आणि या अतिसक्रिय पेशी ॲमिलॉइडच्या गाठींजवळच सापडल्या.

यात दुष्टचक्र आहे. पेशी जितक्या अधिक काम करतात तितके अधिक ॲमिलॉइड बाहेर पडते, हे सेंट लुईस येथील प्रयोगांत २००५ सालीच दिसले होते. २०१९ साली म्युनिकच्याच गटाने चक्राची दुसरी बाजू उलगडली : पेशींमधील फटीत सोडले गेलेले ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन वेळेवर परत शोषले जाऊ नये, अशी अडवणूक ॲमिलॉइडचे छोटे कण करतात. त्यामुळे आधीच जागी असलेली पेशी आणखी चेतवली जाते आणि आणखी ॲमिलॉइड सोडते. पुढे टाऊ हे दुसरे प्रथिन पसरू लागले की ते पेशींना गप्प करते, असे प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. म्हणजे आधी गोंगाट आणि नंतर शांतता, असा साधारण क्रम दिसतो, जरी एकाच मेंदूत दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असू शकतात. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना शेजारी बसलेल्याचे बोलणे जसे कानावर पडूनही समजत नाही, तसेच या गोंगाटात नव्या आठवणीचा क्षीण संदेश हरवतो. अतिसक्रियतेचा स्मरणावर परिणाम होतो तो फिट येवो अथवा न येवो.

माणसांतील पुरावाही आता बराच आहे. अल्झायमर असलेल्या, पण कधीही फिट न आलेल्या ३३ जणांचा मेंदूचा विद्युत आलेख (ईईजी) रात्रभर काढून आणि त्यासोबत मेंदूतून निघणाऱ्या सूक्ष्म चुंबकीय लहरींची नोंद (एमईजी, एमआरआय नव्हे) घेऊन कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१६ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत ४२ टक्के रुग्णांमध्ये फिटसदृश लहरी आढळल्या. त्याच वयाच्या निरोगी माणसांत हे प्रमाण साडेदहा टक्के होते. ज्यांच्यात या लहरी होत्या त्यांची बौद्धिक घसरणही अधिक वेगाने झाली. २०१७ साली बॉस्टन येथे दोन रुग्णांच्या मेंदूच्या तळाशी बारीक तारा बसवून पाहिले गेले, तेव्हा स्मरणशक्तीचे केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये झोपेत फिट्स येत असल्याचे दिसले, आणि डोक्यावर लावलेल्या नेहमीच्या इलेक्ट्रोडना त्यांचा पत्ताही लागला नव्हता. साधी तपासणी ‘नॉर्मल’ आल्यावर निर्धास्त का होऊ नये, याचे सगळ्यात ठोस कारण हेच आहे.

नेमके काय पाहायचे

सर्वांत आधी एक कसोटी मनात पक्की करावी. अल्झायमरचे विस्मरण दिवसभर कमीअधिक प्रमाणात असतेच, तर फिट अचानक सुरू होते, थोडा वेळ टिकते, संपते, आणि पुन्हा आली तर बहुधा त्याच रूपात येते. अचानकपणा, अल्पकाळ आणि तोच तो नमुना या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर संशय घेण्यास पुरेसे कारण आहे.

सर्वांत नेहमीचे रूप म्हणजे तंद्री. जेवता जेवता घास हातातच राहतो, नजर समोरच्या भिंतीवर खिळते, हाक मारली तरी ओ मिळत नाही, खांद्याला हात लावला तरी मान वळत नाही. याच वेळी तोंड चघळल्यासारखे हलू शकते, लाळ गिळल्याचा आवाज येऊ शकतो, बोटे सदऱ्याचे बटण किंवा पदराचे टोक चाचपत, चुरत राहतात. अर्धा ते दोन मिनिटांत हे ओसरते आणि त्यानंतर काही काळ माणूस नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेला, थकलेला किंवा चिडलेला असतो. साध्या विचारमग्नतेतून माणूस हाकेने बाहेर येतो, या तंद्रीतून येत नाही.

दुसरे रूप ओळखायला फार अवघड, कारण ते विस्मरणाचेच असते. बहुधा सकाळी उठल्या उठल्या माणूस ‘मी कुठे आहे, आज कोण येणार आहे’ असे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागतो, उत्तर ऐकून पुन्हा विचारतो, आणि हे पंधरा-वीस मिनिटे ते तासभर चालून थांबते. चालणे-बोलणे या काळात व्यवस्थित असल्याने याला कोणी फिट म्हणत नाही. रोजच्या विसरण्यापेक्षा हा वेळ स्पष्टपणे वेगळा, जणू त्या दिवसात कापून बसवल्यासारखा दिसला, तर तो नोंदवण्याजोगा आहे.

याखेरीज काही खुणा फक्त रुग्णच सांगू शकतो, तेही आजार सुरुवातीचा असताना : पोटातून काही वर चढल्यासारखे वाटणे, तोंडात लोखंडासारखी चव येणे, नसलेला वास येणे, कारण नसताना अचानक भीती दाटून येणे, नवी जागा आधी पाहिली आहे असे ठामपणे वाटणे. वासाची तक्रार झाली की घरात ‘भास होतोय’ म्हणून ती झटकली जाते. तसे न करता ती किती वेळ टिकली आणि पुन्हा कधी आली, हे विचारावे.

हातापायांना क्षणभर बसणारा हिसका हीसुद्धा एक खूण आहे. सकाळी कप धरताना हात उडून चहा सांडतो, एकदा नव्हे तर वरचेवर. झोप लागताना बसणारा एखादा झटका सर्वांनाच येतो आणि त्याची चिंता नको. जागेपणी, तेही सकाळच्या वेळी वारंवार बसणारे हिसके मात्र डॉक्टरांना सांगावेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाला चाळिशी-पन्नाशीत अल्झायमर सुरू झाल्यावर असे हिसके हे फिट्सचे पहिले लक्षण असू शकते. ज्यांना पासष्टीच्या आत अल्झायमर झाला आहे आणि ज्यांच्या घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात येतो, त्यांच्यातही फिट्सचे प्रमाण बरेच अधिक असते.

रात्रीकडेही लक्ष द्यावे. सकाळी उशीवर रक्ताचा डाग, जीभ चावलेली असणे, पूर्वी कधी न होणारी लघवी अंथरुणात झालेली असणे, अंग दुखत असल्याची तक्रार, आणि एखाद्याच सकाळी भलताच गोंधळ, या गोष्टी रात्री मोठी फिट येऊन गेल्याच्या निदर्शक असू शकतात. काही आठवडे रुग्ण स्थिर असताना अचानक पायरी उतरल्यासारखी घसरण झाली, किंवा दिवसादिवसांत कमालीचा चढउतार दिसू लागला, तर तेही या यादीत धरावे.

जे फिटसारखे दिसते, पण फिट नसते

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे यांपैकी काही दिसले तर वही काढत बसू नये. तो पक्षाघात समजून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला तंद्री लागली तर पहिले काम ग्लुकोमीटरने साखर पाहण्याचे. ७० च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणाऱ्याचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी, असा दोनदा मोजावा.

दोन-तीन दिवसांत वाढत गेलेला गोंधळ, ताप असो वा नसो, बहुधा लघवीतील किंवा छातीतील संसर्गाकडे, शरीरातील पाणी कमी होण्याकडे किंवा रक्तातील सोडियम घटण्याकडे बोट दाखवतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांत सोडियम घटणे फार नेहमीचे आहे, आणि ते पुरेसे घटले तर त्यानेच फिटही येते. संध्याकाळ झाली की सुरू होणारी घालमेल, ‘मला घरी जायचंय’ हा धोशा, येरझाऱ्या, हे तासन्‌तास चालते. त्याला फिटचा अचानक आरंभ आणि शेवट नसतो. पहाटेच्या सुमारास झोपेत ओरडणे, लाथा मारणे, जणू कोणाशी झटापट चालली आहे अशा हालचाली करणे हा स्वप्नावस्थेतील झोपेचा विकार असू शकतो आणि तो लेवी बॉडी या वेगळ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात विशेष आढळतो. हे सगळे घरी वेगळे ओळखता आलेच पाहिजे असा आग्रह नाही. दिसले ते जसेच्या तसे लिहून नेले की निवड करणे डॉक्टरांचे काम.

वही आणि मोबाइल

एक साधी वही आणि तिला बांधलेले पेन रुग्णाच्या खोलीतच ठेवावे, म्हणजे दिवसा सांभाळणाऱ्या मावशीही तिच्यात लिहू शकतील. मोघम शब्द टाळावेत. ‘आईला आज बरं नव्हतं’ या वाक्याचा कोणालाही उपयोग नसतो. नोंद कशी असावी याचा नमुना देतो.

‘मंगळवार, सकाळी ६.५०. आई उठून पलंगावर बसली होती. चहाचा कप पुढे केला, तिने घेतला नाही. नजर खिडकीकडे, डोळे उघडे. डाव्या हाताची बोटे पदराचे टोक चुरत होती, उजवा हात मांडीवर स्थिर. तोंड चघळल्यासारखे हलत होते. तीनदा हाक मारली, हात वर कर म्हटले, प्रतिसाद नाही. घड्याळात ५० सेकंद. नंतर “चहा झाला का?” असे दोनदा विचारले, समोरचा कप तिच्या लक्षात आला नाही. साडेसातपर्यंत सुस्त, मग नेहमीसारखी. रात्री झोप तुटक. काल रात्रीची झोपेची गोळी द्यायची राहिली. साखर ११२.’

या नोंदीतील प्रत्येक तपशील डॉक्टरांच्या कामाचा आहे. कोणता हात हलत होता आणि कोणता स्थिर होता, यावरून मेंदूच्या कोणत्या बाजूला गडबड असावी याचा अंदाज येतो. वेळ आणि आधीची झोप यांवरून चेतवणारे कारण सापडते. चुकलेली गोळी तर कधी कधी सगळ्याचा उलगडा करते. झटक्याच्या वेळी एखादा शब्द सांगून नंतर तो आठवतो का, हे विचारण्याची पद्धत तरुण रुग्णांत उपयोगी असली, तरी अल्झायमर असलेल्याला तो शब्द न आठवण्याला काही अर्थ नाही. त्याऐवजी त्या क्षणी साधी सूचना पाळली जाते का, एवढेच पाहावे.

शक्य असेल तर मोबाइलवर चित्रीकरण करावे, कारण एका मिनिटाचा व्हिडिओ दहा पानी वर्णनापेक्षा बोलका असतो. चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत यावेत, खोलीत पुरेसा प्रकाश असावा, आणि झटका ओसरल्यानंतरची दोन-तीन मिनिटेही टिपावीत. दुसरा माणूस जवळ असेल तरच हे करावे, एकटे असताना रुग्णाला सांभाळणे आधी. हा व्हिडिओ डॉक्टरांनाच दाखवावा. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तो टाकू नये, कारण ज्याच्या दुबळ्या क्षणाचे ते चित्र आहे त्याला आता नाही म्हणता येत नाही.

डॉक्टरांकडे आणि ईईजीच्या खोलीत

वही, व्हिडिओ, चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या (आयुर्वेदिक काढे, झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांसह) आणि जुने एमआरआय घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. मुंबईचे केईएम, पुण्याचे ससून किंवा गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय अशा सरकारी रुग्णालयांतही जाता येते, मात्र तिथल्या गर्दीत बोलायला मिळणारी पाच मिनिटे नीट वापरावी लागतात. म्हणून पहिले वाक्य ठरवूनच जावे : ‘गेल्या दोन महिन्यांत असे एकसारखे झटके आले आहेत, ही त्यांची नोंद, या फिट्स असू शकतात का, आणि झोपेतला ईईजी करावा का?’

‘झोपेतला’ या शब्दावर भर आहे. नेहमीचा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो आणि अल्झायमरमधील फिटसदृश लहरी मुख्यतः झोपेत दिसतात, त्यामुळे जागेपणीच्या आलेखात त्या सापडल्या नाहीत यात नवल नाही. रात्रभराचा व्हिडिओ-ईईजी मिळाला तर उत्तम. तो मोठ्या शहरांतच होतो आणि खर्चिक आहे. तो शक्य नसेल तेव्हा निदान रुग्णाला थोडी झोप लागेल अशा वेळी, दीड-दोन तासांचा ईईजी करण्याची विनंती करावी. काही केंद्रे आदल्या रात्री जागायला सांगतात. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धाला रात्रभर जागवल्याने त्याचा गोंधळ वाढू शकतो, म्हणून किती जागवायचे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

तयारी सोपी आहे. आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवावेत आणि नंतर डोक्याला तेल लावू नये, कारण तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड धरत नाहीत. रोज चंपी करून घेणाऱ्या आजोबांच्या बाबतीत हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे. जेवून जावे, नेहमीची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत, कानाचे यंत्र आणि ओळखीची शाल बरोबर न्यावी. तारा लावताना रुग्ण घाबरतो, त्यामुळे ओळखीच्या माणसाने हात धरून शेजारी बसण्याची परवानगी मागावी. बहुतेक तंत्रज्ञ ती आनंदाने देतात.

अहवालात ‘स्लोइंग’ असे लिहिलेले असते तेव्हा लोक हादरतात. लहरी मंदावणे हे अल्झायमरमध्ये अपेक्षितच आहे आणि त्याचा अर्थ फिट असा होत नाही. ‘स्पाइक’, ‘शार्प वेव्ह’ किंवा ‘एपिलेप्टिफॉर्म’ हे शब्द मात्र महत्त्वाचे. म्हातारपणी दिसणारे काही निरुपद्रवी आकारही स्पाइकसारखे भासतात, म्हणून केवळ अहवालावर विसंबून औषध सुरू होत असेल तर ‘लक्षणांशी हे जुळते का?’ असे नम्रपणे विचारावे. आणि ईईजी स्वच्छ आला तरी झटके तसेच येत राहिले, तर वही घेऊन पुन्हा जावे.

औषधांविषयी

या कामी सध्या सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध लेव्हेटिरासेटाम. त्याच्याविषयी इंटरनेटवर ‘अल्झायमर परतवणारी गोळी’ अशा थाटाचा मजकूर आढळतो, म्हणून नेमके काय माहीत आहे ते सांगणे आवश्यक वाटते. उंदरांमध्ये या औषधाने मेंदूतील गोंगाट शमला आणि स्मरणही सुधारले, हे २०१२ साली दिसले. २०२१ साली ३४ रुग्णांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे चार आठवडे देऊन पाहिले गेले तेव्हा सर्वांचा मिळून काही फायदा झाला नाही. ज्यांच्या मेंदूत फिटसदृश लहरी आधीपासून होत्या, त्यांच्याच लक्ष एकाग्र करण्याच्या आणि जागेच्या स्मरणाच्या चाचण्यांत सुधारणा दिसली. अल्झायमरच्या आधीच्या टप्प्यातील सौम्य विस्मरणावर याच औषधाची जी मोठी चाचणी झाली, तिचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. तेव्हा फिट्स आहेत तर औषध हवेच, हे निर्विवाद. फक्त आलेखात लहरी आहेत पण झटके नाहीत, तर डॉक्टरांबरोबर विचार करून ठरवण्याची बाब. आणि यांपैकी काहीच नसताना केवळ स्मरणशक्तीसाठी ही गोळी दुकानातून आणून सुरू करणे सर्वथा चुकीचे.

लेव्हेटिरासेटाम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासून त्यानुसार मात्रा ठरवतात. वृद्धांत ती अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवली जाते. पहिल्या काही आठवड्यांत चिडचिड, संताप, उदासपणा, गुंगी किंवा तोल जाणे दिसू शकते. शांत स्वभावाचे वडील अचानक अंगावर धावून जाऊ लागले तर तो आजार वाढला असे गृहीत न धरता गोळी सुरू झाल्याची तारीख वहीत पाहावी आणि डॉक्टरांना कळवावे. त्याऐवजी लॅमोट्रिजिन दिले जाऊ शकते. ते अतिशय सावकाश वाढवावे लागते आणि अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते. फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन या जुन्या औषधांनी विचारशक्ती आणखी मंदावते. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन यांनी सोडियम घटू शकते. अल्झायमरमधील आरडाओरड टाळण्यासाठी व्हॅल्प्रोएट देऊन पाहिले गेले होते, पण २०११ च्या चाचणीत फायदा तर झाला नाहीच, उलट ते घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान अधिक घटले. फिटचे कोणतेही औषध मनाने अचानक बंद करू नये, कारण त्यानेच मोठी फिट येते.

घरात कोणते बदल करावेत

अपुरी झोप अतिसक्रियतेला खतपाणी घालते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणे, सकाळच्या उन्हात बसवणे, संध्याकाळनंतर चहा टाळणे एवढे तरी करावेच; मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी.

औषधांच्या डब्याची छाननी याहून महत्त्वाची आहे. गुडघे-कंबर दुखण्यासाठी सर्रास दिले जाणारे ट्रॅमाडॉल, लघवीच्या संसर्गासाठीची सिप्रोफ्लॉक्सासिन वर्गातील प्रतिजैविके, दम्यासाठीचे थिओफायलिन, नैराश्यासाठीचे ब्युप्रोपिऑन आणि सर्दीच्या गोळ्यांतील जुनी ॲलर्जीरोधक द्रव्ये फिट येण्याचा उंबरठा खाली आणतात. वर्षानुवर्षे घेतलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम ‘आता आजी खूप झोपते’ म्हणून एका रात्रीत बंद करणे तर फारच धोक्याचे. कोणतेही नवे औषध लिहिले जात असताना ‘यांना फिट्सचा संशय आहे’ हे एक वाक्य प्रत्येक डॉक्टरांपुढे, दातांच्या डॉक्टरांपुढेसुद्धा, उच्चारावे.

कापूर आणि निलगिरी यांचा उल्लेख मुद्दाम करतो. ही दोन्ही द्रव्ये फिट आणू शकतात, हे बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अनेक रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले आहे, आणि आपल्याकडे बाम, वेदनाशामक तेले, वाफाऱ्यासाठीची कुपी अशा रूपांत ती घरोघरी असतात. ज्याला फिट्स आहेत त्याच्या छातीला-कपाळाला बाम चोळणे, रुमालात कापूर बांधून हुंगायला देणे बंद करावे. गुडघ्यासाठी तेल हवेच असेल तर साधे तिळाचे वापरावे.

न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी, आंघोळ बसून करू द्यावी, गॅसजवळ एकटे सोडू नये आणि गाडीची किल्ली काढून घ्यावी. गच्चीवर वाळवणासाठी एकट्याने चढणेही थांबवावे.

मोठी फिट आली तर

घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली घडी केलेली चादर ठेवावी, गळ्याभोवतीचे सैल करावे, चष्मा आणि शक्य असेल तर सुटी कवळी काढावी. दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने फिट थांबत नाही. ती आपोआप ओसरते आणि श्रेय कांद्याला मिळते. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर न येता दुसरी आली, पडून डोक्याला मार लागला, किंवा आयुष्यातील ही पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करावा. वारंवार मोठ्या फिट्स येत असतील तर नाकात फवारायचे मिडाझोलाम घरी ठेवावे का आणि ते कसे वापरायचे, हे डॉक्टरांकडून प्रत्यक्ष दाखवून घ्यावे. सांभाळणाऱ्याला मदत, सल्ला किंवा जवळच्या सेवेची माहिती हवी असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

औषध सुरू झाल्यावरही वही चालू ठेवावी आणि महिन्याभराने, आधीच्या महिन्याची पाने व नंतरच्या महिन्याची पाने अशी दोन्ही घेऊन डॉक्टरांना भेटावे. तंद्रीचे प्रसंग कमी झाले का, दिवसादिवसांतील चढउतार आवरला का, सकाळचा गोंधळ घटला का, आणि त्या बदल्यात गुंगी किंवा चिडचिड किती वाढली, हे चार प्रश्न त्या भेटीत समोर ठेवावेत. नातवाचे विसरलेले नाव परत आठवू लागेल या अपेक्षेने औषधाचे मोजमाप करू नये, कारण ते त्याचे काम नाही. झटके थांबले आणि गुंगी नसेल तर तीच मात्रा पुढे चालू राहते. झटके तसेच असतील तर मात्रा वाढवायची, औषध बदलायचे की निदानच पुन्हा तपासायचे, हे डॉक्टर त्या दोन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवून ठरवतात.